पोंचोचं छप्पर झडीत टिकते का? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात पावसाळ्याच्याच चिठ्ठ्या जास्त आल्या, आणि त्यातल्या बऱ्याच एकाच गोष्टीवर, तो म्हणजे पोंचो. अंगावरही घालता येतो आणि दोरी बांधून डोक्यावर छप्परही करता येतं असं सांगून विकतात तो. म्हणून हा महिना त्यालाच दिला.

प्रश्न : नमस्कार ताई. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, धानाची शेती आहे. यंदा ऑनलाइन पॉलिस्टरचा पोंचो मागवला, चारही कोपऱ्याले आणि कडेने रिंगा आहेत. लेबलवर वॉटरप्रूफ 3000 मिमी लिहिलं आहे. आंगणात टांगून बकेटभर पाणी ओतून पाहिलं, एक थेंब खाली नाही आला. रोवणीच्या दिवसात वावरात दुपारी जेवाले बसताना छप्पर म्हणून लावीन म्हणतो, पुढे रात्रीच्या जागलीलेही. घरचे म्हणतात प्लास्टिकची पन्नीच बरी. एवढी टेस्ट पुरे आहे का अजून काही पाहाव लागते?

उत्तर : भाऊ, बकेटीनं कापड गळते का एवढंच कळतं, आणि नवं कापड सहसा गळत नाही. छपराखाली माणूस भिजतो तो कापडातून आलेल्या पाण्यानं कमी आणि बाजूच्या सपकाऱ्यानं, खालून वाहत आलेल्या पाण्यानं आणि दोरीवरून ओघळत आत येणाऱ्या धारेनं जास्त. हे तिन्ही बकेटीत दिसत नाही. म्हणून टेस्ट करायची ती खऱ्या पाण्यात, झड लागलेली असताना, आणि घरच्या आंगणातच करायची, म्हणजे काही बिघडलं तर दोन पावलात ओसरीत येता येईल. वावरात पहिल्यांदा लावून पाहू असं करू नका.

आधी लेबलाचं सांगते कारण पुष्कळ लोक त्याच्यावरून फसतात. 3000 मिमी म्हणजे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलतो असं नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ ठेवत जातात आणि किती उंचीला पाणी झिरपायला लागलं ते मोजतात, तो हा आकडा. टांगलेल्या छपराला तेवढं पुष्कळ झालं, पण अंगावर घालून खांद्यावर बॅगचा पट्टा आवळला किंवा पोंचोवरच बसलो गुडघे टेकवून, तर तिथे दाब फार वाढतो आणि पाणी पहिलं तिथूनच आत येतं. आणि हा आकडा कापडाचा असतो, शिलाईचा नसतो. सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट आहे, म्हणून चांगल्या पोंचोला शिलाईवर आतून पट्टी चिकटवलेली असते. तुमचा उलटा करून पहा, टोपी जिथं जोडली तिथं गोल पट्टी आहे का. नसेल तर सीम सीलर, म्हणजे शिलाईची भोकं बुजवायचा लेप, मिळते ट्यूबमध्ये, ते आतून लावून दिवसभर वाळू द्या.

आता पाण्याचा हिशोब. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पोंचो दीड मीटर बाय सव्वादोन मीटर धरला, बाजारात साधारण याच्या आसपास मिळतात, तर सव्वातीन चौरस मीटरच्या वर जागा झाली. हवामान खातं 24 तासात 64.5 मिमीच्या वर गेलं की जोरदार पाऊस म्हणतं, म्हणजे तशा एका दिवसात तुमच्या त्या कापडावर दोनशे लिटरच्या वर पाणी पडणार. आपल्या पूर्व विदर्भात श्रावणात असे दिवस काही नवलाचे नाहीत. ते सगळं वाहून गेलं तर काहीच प्रश्न नाही, पण मधात झोळ पडला आणि त्यात वीस लिटर जरी साचलं तरी वीस किलो वजन झालं आणि ते सगळं त्या चार रिंगांवर. रिंग बऱ्याचदा अशीच उपटते. म्हणून पहिली गोष्ट उतार. एक बाजू छातीएवढी उंच बांधा आणि दुसरी पार गुडघ्याच्याही खाली आणा, दिसायला ओंगळ दिसलं तरी चालेल. आत जागा कमी होते पण पाणी थांबत नाही.

झोळ पडतो तो बहुतेक टोपीपाशीच, कारण ती बरोबर मधात असते. टोपीचं तोंड पिळून घ्या, दुमडून सुतळीनं घट्ट आवळा, आणि त्याच सुतळीचं टोक वरच्या फांदीला किंवा आडव्या बांबूला बांधून कापड मधातून वर ओढून धरा. एवढं केलं की टोपीतून गळणंही थांबतं आणि झोळही जातो. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि विकणारे नेमकं हेच दाखवत नाहीत, त्यांच्या फोटोत पोंचो कोरड्या मैदानात पाटासारखा सपाट ताणलेला असतो.

टेस्ट कशी करायची ते सांगते. पोंचो बांधून झाला की खाली एक पोतं अंथरा आणि त्यावर चुलीची चाळलेली राख पातळ पसरून द्या. पोतं अशा जागी असावं जिथं तुम्ही बसणार आहात. मग ओसरीत जाऊन चहा घ्या, तासाभरानं या आणि राखेकडे वाकून पहा. थेंब पडला की राखेत बारीक खळगा पडतो आणि कडेला ओली राख गोळा होते. खळगे एका रेषेत असतील तर शिलाई गळते. टोपीच्या बरोबर खाली मोठा खळगा असेल तर गाठ ढिली आहे. एकाच कडेला राख पूर्ण ओली आणि बारीक बारीक टोचल्यासारखी झाली असेल तर तो सपकारा, तिकडून वारा येतो, ती बाजू अजून खाली घ्या. आणि राख खालूनच काळी पडत आली असेल, वरून एकही खळगा नाही, तर पाणी जमिनीवरून येऊन राहिलं. राख नको असेल तर जुना पेपर चालतो पण पेपर सगळाच लवकर ओला होतो, मग काही कळत नाही.

दोरीचं वेगळं सांगावं लागेल. सुतळी किंवा सुंभ ओला झाला की आखडतो, आणि नायलॉनची दोरी ओली झाली की ढिली पडते. म्हणजे बांधताना बरोबर ताण दिला तरी अर्ध्या तासात बदलतो. सुतळी असेल तर थोडी ढिली ठेवा, नाहीतर रिंग फाटेल, नायलॉन असेल तर पाणी सुरू झाल्यावर पुन्हा एकदा ताणा. सरकती गाठ मारली की सोडावं लागत नाही, आपले लोक ओझं आवळताना मारतात तीच. आणि झाडाला बांधलेल्या दोरीवरून पाणी धारेनं थेट कापडाखाली येतं, त्याला उपाय एकदम साधा, कापडापासून वीतभर अलीकडे दोरीला चिंधीचा तुकडा बांधा, पाणी चिंधीवरून खाली पडून जातं.

खालच्या पाण्याला धानपट्ट्यात काय करणार, बांधीत तर पाणीच असतं. धुऱ्यावरची उंच जागा पहा, चारी बाजूनं बोटभर खोल नाली काढा, फक्त बांधीचा बांध फोडू नका, आणि जमिनीवर बसू नका, पालथं घमेलं घ्या नाहीतर जुनी बाज नेऊन ठेवा.

एवढं सगळं करून दिवसाची टेस्ट पास झाली की मग रात्री एकदा पहा, आंगणातच. अंधारात भिजलेल्या बोटांनी ती सरकती गाठ सुटते का, टॉर्च तोंडात धरून दोरी ताणता येते का, हे दिवसा नाही कळत.

आणि घरच्यांचं म्हणणं मला बरंचसं पटतं. पोंचो डोक्यावर बांधला की अंगावर काही राहत नाही, लघवीला उठलं की भिजलं, मोटर पाहायला गेलं की भिजलं. जेवणापुरतं, तासाभरासाठी पोंचो छान आहे, घडी करून थैलीत मावतो, वजन नाही. पण रोज एकाच जागी बसायचं असेल तर मोठी ताडपत्री किंवा जाड पन्नी चार बांबूंवर कायमची बांधा आणि पोंचो अंगावरच राहू द्या. प्रत्यक्ष रोवताना मात्र तो काढाच, वाकलं की समोरचा पदर चिखलात लोळतो. आणि गाडीवर घालून जात असाल तर मागचा पदर कमरेत खोचून दोरी बांधा, उडून चाकात किंवा चेनमध्ये गेला तर माणूस पडतो.

प्रश्न : मी एटापल्ली तालुक्यात आशा म्हणून काम करते. पोंचो घालून पाड्यावर जाते तर आतून पूर्ण ओला होतो. दुकानदार म्हणतो गळत नाही, तुम्हालाच घाम येतो. खरं काय?

उत्तर : ताई, हे घरीच पाहता येतं. पोंचो खुर्चीच्या पाठीवर टोपीसकट घालून अर्धा तास पावसात ठेवा आणि आतून हात फिरवा. कोरडा असेल तर दुकानदार बरोबर आहे. ओला असेल तर कुठे ओला आहे ते पहा आणि त्याच्याशी भांडा.

माझा अंदाज घामाचाच आहे. ज्या लेपामुळे बाहेरचं पाणी आत येत नाही त्याच लेपामुळे अंगाची वाफ बाहेर जात नाही. वरून पाऊस पडून कापड गार झालेलं असतं, आत तुम्ही चिखल तुडवत चालता, अंग गरम, ती वाफ गार कापडाला लागली की पाणी होऊन ओघळते. बाहेरची हवा पण झडीच्या दिवसात ओलीच असते त्यामुळे सुकायला वावच नाही. छपरासारखा बांधला तरी हेच होतं, दोन माणसं खाली बसली आणि चारही बाजू बंद केल्या की पहाटे कापडातून थेंब पडतात आणि लोकांना वाटतं फाटलं. उपाय म्हणजे बाजूच्या बटना उघड्या ठेवायच्या, हवा खेळली पाहिजे, आतून जाड सुती न घालता लवकर वाळणारं पातळ काहीतरी घालायचं, आणि थोडं ओलं होणार हे धरूनच रजिस्टर, गोळ्या, किट सगळं वेगळ्या जाड पन्नीत गाठ मारून ठेवायचं, पोंचोच्या भरवशावर नाही.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगते. तुमच्याकडे नाले एका तासात चढतात, भामरागडचा रस्ता पर्लकोटा नदीच्या पुरानं कितीदा बंद पडला हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वाहत्या पाण्यात पोंचो घालून पाय टाकू नका. पदरात पाणी भरतं आणि माणसाला ओढून नेतं, हात पण आत अडकलेले असतात. पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबा. लसीकरणाचा दिवस पुढे गेला तर जाऊ द्या, तुमचा जीव त्याहून महाग आहे.

प्रश्न : ताई, मुलगा एकवीस वर्षाचा आहे, गाव सिंदेवाही तालुक्यात, वावर जंगलाला लागून. रानडुकरं धान ठेवत नाहीत. आता तो म्हणते की पोंचो घेतला, धुऱ्यावर बांधून एकटा जागलीले झोपतो, मोबाईलवर सगळं पाहून घेतलं. मी नको म्हणते तर ऐकत नाही. तुम्ही लिहा, तुमचं ऐकेल.

उत्तर : काकू, मी सरळ त्यालाच लिहिते, त्याला वाचायला द्या.

अरे, तुझा पोंचो चांगला असेल, गाठीही बरोबर मारत असशील, पण तो पाण्यासाठी आहे. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावली हा सगळा वाघांचा भाग आहे आणि माणसं मेली आहेत, गुराख्यांपासून वावरात निंदायला गेलेल्या बायांपर्यंत, हे तुला कुणी सांगायची गरज नाही. जमिनीवर, अंधारात, एकटा, कापडाखाली आडवा पडलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. वाकलेला, बसलेला माणूस जास्त धोक्यात असतो ही गोष्ट जंगलाजवळ राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. आणि झडीच्या आवाजात तुला काही ऐकू येणार नाही, कापडावर पाणी इतकं वाजतं की शेजारचं बोलणं कळत नाही. डुकरं आली तरी कळणार नाहीत, मग जागल कशाची झाली. जायचंच असेल तर उंच, मजबूत मचाणावर, दोघं तिघं मिळून, आणि वाघ फिरतो अशी खबर असेल त्या दिवशी मुळीच नाही.

दुसरं साप. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, कितीकदा दुखतही नाही आणि सूजही येत नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलता येत नाही, आणि घरच्यांना वाटतं अपचन झालं. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की साप कोरडी जागा शोधत येतात आणि तू छपराखाली नेमकी कोरडी जागा करून ठेवलेली असते. बाजेवर झोपायचं, मच्छरदाणी चारी बाजूनं गादीखाली खोचायची, मच्छर आणि मण्यार दोन्हीसाठी. काहीही चावल्याची शंका आली तर 108 ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. त्यांच्याकडे सापाच्या विषावरची जी लस असते ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते, साप मारून न्यायची गरज नाही. मांत्रिकाकडे एक मिनिट घालवू नको.

तिसरं वीज. पोंचोचं छप्पर विजेपासून काहीही वाचवत नाही, आणि बांधायला तू झाडच शोधणार, मोहाचं एकटं मोठं झाड, तेच सगळ्यात वाईट. वीज चमकल्यावर 30 सेकंदाच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, तिथून निघ, पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नको. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी नावाचं अ‍ॅप आहे, आजूबाजूच्या 20 ते 40 किलोमीटरमधली वीज दाखवतं, ते टाकून घे. रेंज नसली तर आवाज मोजणं कुठेही जमतं.

आणि काकू, गवतात बसून उठल्यावर आठदहा दिवसांनी ताप आला, अंगावर कुठे काखेत जांघेत काळी खपली दिसली तर डॉक्टरांना ती दाखवून सांगा की वावरात बसलो होतो. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा स्क्रब टायफस असू शकतो, 2018 ला नागपूर भागात त्याची बरीच साथ होती. वेळेवर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो.

प्रश्न : आम्ही यवतमाळकडचे, काळी जमीन. पोंचोसोबत ॲल्युमिनियमच्या खुट्या आल्या, बोटाएवढ्या. पाणी आलं की हातानं उपटून येतात. कोणत्या घ्याव?

उत्तर : त्या खुट्या मुरमाड, कडक जमिनीच्या आहेत, काळ्या मातीत कोणतीच छोटी खुटी टिकणार नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी होते, पकड जाते. बांबूच्या दीड हात लांब खुट्या तासून घ्या, छपराच्या उलट्या बाजूला तिरप्या ठोका, दोरी अगदी जमिनीलगत बांधा. तरी भरवसा नसेल तर खताच्या रिकाम्या पोत्यात तीच चिखलमाती भरून तोंड बांधा आणि दोरी पोत्याला बांधा, चाळीस पन्नास किलो होतं, कुठे जात नाही. मी तर काळ्या जमिनीत खुटी ठोकूच नका म्हणेन, पोतंच ठेवा. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, बांधायचं बघू नका, ओल्या मातीतून मुळासकट येते आणि पीकही जातं.

प्रश्न : मागच्या वर्षीचा पोंचो पेटीतून काढला तर आतून चिकट झाला, आंबूस वास येतो. धुऊन चालेल का? – भंडारा

उत्तर : बहुतेक ओलाच घडी करून ठेवला असेल. आतला लेप ओलाव्यानं आणि उष्णतेनं हळूहळू तुटतो, आधी वास येतो, मग चिकट होतो, मग पांढरे पापुद्रे निघतात. अंगठ्यानं आतून घासून पहा. पापुद्रे निघत नसतील आणि फक्त वास असेल तर साध्या पाण्यात थोडं अंगाचं साबण घालून हातानं धुवा, वॉशिंग पावडर नको, ब्रश नको, मशीन नको, सावलीत दोन्ही बाजूंनी वाळवा, आणि पुढच्या झडीत वर सांगितलेली राखेची टेस्ट करा. चिकट झाला असेल तर तो लेप परत येत नाही, कोणताही स्प्रे मारून उपयोग नाही. असा पोंचो सरपण झाकायला ठेवा, अंगावर घेऊन बाहेर निघू नका. नवा घेतला तर दर वेळी वापरून आल्यावर ओसरीत दोरीवर पसरून टाका, पूर्ण वाळल्याशिवाय घडी नको, आणि टिनाच्या पेटीत न ठेवता सुती पिशवीत सैल गुंडाळून खुंटीला अडकवा.